जागरण गट

सकाळी नऊला मॅडमनी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं न टाकलं तोच त्यांची संशोधिका हातातला कागद फडफडवत जवळजवळ अंगावरच आली.

"मॅडम, कमाल झाली! दोन रात्री जागवलेले सहाही जण लाल दिवा लागला की फटाफट बटण दाबताहेत. आणि ढाराढूर झोपलेल्या सहा जणांना निम्मे दिवे दिसलेच नाहीत! झोपेवरची सगळी पुस्तकं आता रद्दीत!"

आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दुपारी परिषदेत हाच निकाल वाचायचा होता.

मॅडमनी काचेतून पाहिलं. 'जागलेले' अशी पाटी असलेल्या खोलीत सहा जण खिदळत शब्दकोडं सोडवत होते. 'झोपलेले' अशी पाटी असलेल्या खोलीत सहाही माना डुलत होत्या, एकाचा चष्मा पार हनुवटीवर आला होता.

"पाट्या कुणी लावल्या गं?"

"मीच, आज सकाळी. आकडेसुद्धा पाट्या बघूनच मांडलेत, अगदी काटेकोर!"

"आणि दोन रात्री या लोकांबरोबर जागत कोण बसलं होतं?"

"मीच की! एकाच्याही डोळ्याला डोळा लागू दिला नाही."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी जागरण गटाची यादी पुढे ओढली आणि सहा नावांखाली सातवं नाव लिहिलं, तिचं.

"अरे वा, आणखी एक माणूस मिळालं?" ती टाळी वाजवून काचेकडे धावली. "कुठं बसलंय?"