सोमवारची रोख

दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. साठ पौंड, रोख. पाठोपाठ दुसरा: फी, एकशे सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे. विठ्ठलरावांनी फवारणीच्या औषधाची बाटली काउंटरवर तशीच ठेवली आणि मोबाइल देवसिंगपुढे सरकवला.

देवसिंग तांड्यावरचा कास्तकार, त्यांचा जुना मित्र. त्यानं तारखा पाहिल्या. तिन्ही सोमवार. तिन्ही वेळा साठच.

सुरभी, विठ्ठलरावांची एकुलती मुलगी, लीड्सला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. निघण्याआधी त्यांनी तिच्याकडून नियम पाठ करून घेतले होते. मशीनमधून रोख काढायची नाही, दर वेळी फी कापते. दुकानात कार्डच द्यायचं. तिथं रुपये की पौंड असं विचारलं, तर पौंड म्हणायचं. खातं दोघांच्या नावावर होतं, पण मोबाइल नंबर विठ्ठलरावांचा. पहिल्या दहा महिन्यांत तिनं एकदाही रोख काढली नव्हती.

त्या दहा महिन्यांत प्रत्येक खरेदीचा मेसेज ते बाभुळगावच्या आपल्या कृषी केंद्रात मोठ्यानं वाचत. दुकानाचं नाव आलं की कोणीतरी मोबाइलवर शोधून ते कशाचं दुकान आहे ते सांगे. आज पोरीनं बाहेर खाल्लं. आज चप्पल घेतली वाटते. बियाणं घ्यायला आलेले लोक आधी सुरभीची खबर विचारत. एकदा औषधाच्या दुकानाचं नाव आलं, तेव्हा चौघांनी चार उपाय सांगितले. पुढच्याच रविवारी एका लग्नात नात्यातल्या विजयमालाबाईंनी विठ्ठलरावांच्या बायकोला, इंदुताईंना, बाजूला घेऊन विचारलं, की पोरीला काही दुखणं आहे का. विठ्ठलरावांना त्याचं बरंच वाटलं. सारा गाव आपल्या पोरीवर लक्ष ठेवून आहे, असं ते म्हणत.

आता तीन आठवडे एकही दुकान नव्हतं. फक्त सोमवार आणि साठ पौंड.

कार्डाची नक्कल करून चोर पैसे काढतात, असं देवसिंगनं ऐकलं होतं. विठ्ठलरावांना ते पटेना. चोरानं एका झटक्यात खातं रिकामं केलं असतं. वार आणि रक्कम तो कशाला पाळेल? वार पाळतो तो हप्ता घेणारा. खोलीचं भाडं तर त्यांनी वर्षाचं आगाऊ भरलेलं होतं. मग दर सोमवारी तिच्याकडून साठ पौंड कोण घेत होतं?

त्यांनी तिला दोनदा विचारलं होतं. रोख लागते बाबा, एवढंच ती म्हणाली आणि कापसाला काय भाव आहे ते विचारू लागली. कापसाची चौकशी तिनं आजवर कधी केली नव्हती. व्हिडिओवर बोलताना विठ्ठलराव तिच्याऐवजी तिच्या पाठीमागे पाहू लागले. टेबलावर दोन कप होते. दाराला पुरुषी जॅकेट अडकवलं होतं, किंवा तिकडच्या बायकाही तसलं घालत असतील. त्यांनी इंदुताईंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असंन काही कामाचं." एरवी पोरीचा फोन यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी जिला बसवत नसे, ती बाई इतकी निवांत कशी? विठ्ठलरावांना बायकोचाही संशय आला.

तिसऱ्या मेसेजनंतर ते थांबले नाहीत. देवसिंगला मोटारसायकलवर मागे बसवून थेट बँकेत गेले. कार्ड बंद करायचं आहे, म्हणाले. बँकेतल्या मॅडमनी अर्ज दिला आणि विचारलं, मुलीकडे दुसरं कार्ड आहे का? नव्हतं. नवं कार्ड तिथं पोचायला तीन आठवडे लागतील, तोवर ती खाईल काय? विठ्ठलरावांचा पेन थांबला. पण खात्यात तिच्या उरलेल्या शिक्षणाचे पैसे होते. ते असे दर सोमवारी कोणाच्या तरी खिशात जाऊ द्यायचे? त्यांनी खाते क्रमांक लिहिला. सही तेवढी राहिली.

मॅडम म्हणाल्या, एकदा शेवटचा फोन तर लावून पाहा.

विठ्ठलरावांनी फोन लावला. काही कमीजास्त निघालं तर साक्षीला कोणी असावं म्हणून स्पीकर चालू केला आणि मोबाइल टेबलावर मधोमध ठेवला. शेजारच्या खिडकीपाशी रांगेत उभी असलेली माणसंही वळून पाहू लागली. सुरभीनं लगेच उचलला.

"कोणाच्या भेवानं पैसे काढून राह्यली तू? नाव सांग फक्त. बाकी मी पाहतो."

तिनं विचारलं, "बाबा, तुमच्यापाशी कोण कोण आहे?"

"देवसिंगकाका आहे. बँकेच्या मॅडम आहेत. सारे आपलेच लोक आहेत. तू भिऊ नको, मोकळी बोल."

ती बोलली तेव्हा आवाज शांत होता. बराच काळ मनात जुळवून ठेवलेलं वाक्य असावं तसा.

"रोख काढली का मेसेजमध्ये दुकानाचं नाव येत नाही, बाबा."