सढळ हात

“बास. तुला आता रोट्टी नाही,” म्हणत दाक्षायणीनं मुरिगेशच्या पुढ्यातली टोपली उचलली आणि त्यातल्या दोन रोट्ट्या कोट्रेशच्या ताटात टाकल्या.

“अगं, तिसरीच होती माझी!”

“तिसरी? मघापासून बघतेय मी. ताक पी आणि ऊठ.”

मुरिगेश हसला. पिठाच्या गिरणीत पोती उचलून त्याचे खांदे दाराएवढे झाले होते, पण या खानावळीत त्याचं काही चालत नसे. काटकुळ्या कोट्रेशनं मान खाली घातली. पोट केव्हाच भरलं होतं, तरी त्यानं रोट्टीचा तुकडा मोडला. बोटांची सालं निघालेली. शेंगाचटणीला हात लावला की डोळ्यांत पाणी येत होतं.

बदामीच्या लाल कातळावर दोर लावून चढाई करण्यात दिवस काढल्यावर जेवायला कुठं जायचं, यावरून दोघांचं दर रविवारी भांडण होई. मुरिगेशला स्टँडवरचं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी हवी असत. कोट्रेश मात्र राचय्यांच्या खानावळीशिवाय दुसरं नाव घेत नसे. गंमत म्हणजे मुरिगेश इथं यायचं नाही म्हणे, आणि आधी पाय धुऊन पाटावर तोच बसे.

आज कोट्रेशला एण्णेगायीची, त्या तेलातल्या भरल्या वांग्यांची, चवही कळत नव्हती. सकाळी दोर खांद्यावर घेऊन निघताना दाक्षायणीचे वडील, राचय्या, भेटले होते. “उद्या खानावळ बंद बरं का,” ते म्हणाले होते. “दाक्षायणीच्या लग्नाची बोलणी आहेत.” कोणाशी, ते विचारायचा धीर कोट्रेशला झाला नाही. आज बोललो नाही तर संपलंच, एवढंच त्याला कळलं. मुरिगेश वर चढत असताना दिवसभर खाली उभा राहून त्याचा दोर धरताना त्याच्या मनात तेच घोळत होतं.

“गुडघ्याला काय झालं?” दाक्षायणीनं विचारलं.

“कातळाला घासला,” कोट्रेश म्हणाला. “हा वरून निसटला. वरच्या कडीतून आलेल्या दोराला झटका बसला आणि दुसऱ्या टोकाला मी हातभर वर ओढला गेलो.”

तिच्या हातातली पळी थांबली. “हातभर?”

“त्यात काय एवढं,” मुरिगेश घाईनं म्हणाला. “खाली आलो की नाही मुकाट्यानं? दुपारपासून दोघंही चालतोय, जेवतोय.”

“तू गप्प बस!” ती अशी कडाडली, की पलीकडच्या पाटावरच्या म्हाताऱ्यानं घास हातात धरून वर पाहिलं.

ती तडक आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. परतली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात लोण्याचा मोठा गोळा. तो तिनं सगळाच्या सगळा कोट्रेशच्या ताटात घातला. मुरिगेशच्या पुढ्यात एक चमचा भिरकावला. “हा घे. बोटं घालू नकोस चटणीत.”

कोट्रेशनं ते लोणी रोट्टीवर हळूच पसरलं. आपल्या साध्या खरचटण्यानं हिच्या डोळ्यांत पाणी यावं!

मठातून टाळांचा आवाज येऊ लागला. हरिकथा सुरू झाली होती. राचय्या संध्याकाळची आरती झाल्याबरोबर तिकडं पळाले होते. काल कोट्रेशही गेला होता. कथा सांगणारे दासर पायातले चाळ थांबवून, हात जोडून गायले होते, की वाढणाऱ्याच्या हाताकडे बघा, बाबांनो, मन तिथं लपत नाही. सगळी सभा डुलत होती. कोट्रेशला मात्र वाटलं, हे आपल्याच कानात सांगितलं. दिवाळीपासून ती त्याच्याच ताटात वाढत आली होती. तूप, शेंगाहोळिगे म्हणजे दाण्याच्या पोळ्या, दह्याची वाटी. तो नको म्हणाला तर रागवायची.

“कोट्र्या,” मुरिगेश हळूच म्हणाला, “तुला एक सांगायचंय रे. केव्हापासून सांगीन म्हणतोय.”

“नंतर सांग.”

“अरे, पण आजच सांगायला पाहिजे—”

“म्हटलं ना, नंतर! जा, गाडी वळवून आण.”

मुरिगेश ताक संपवून उठला. मग हात धुऊन बाहेर गेला.

कोट्रेश उठला. गुडघा ठणकत होता. दाक्षायणी चुलीपाशी तवा उतरवत होती. त्यानं दारातूनच विचारलं, “दाक्षायणी, मला एवढं का वाढतेस?”

ती दचकली. बाहेर पाहून तिनं आवाज खाली आणला. “तुला कळलं?”

“कळलं.” त्यानंही आवाज खाली आणला. “काल कळलं.”

“अप्पांना बोलू नकोस हं. त्यांना असल्या गोष्टींची फार भीती. उद्याची बोलणी तिथंच मोडतील.”

“मोडली तर बरंच की!”

“असं काय अभद्र बोलतोस?” ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. “किती जन्मांनी जमतंय सगळं. देवीला रोज नारळ ठेवतेय मी.”

कोट्रेशला नीट काही उमगेना, पण तिच्या तोंडून असे शब्द ऐकून त्याला हुरूप आला. “मग मी उद्या येऊ? घरून अव्वालाही घेऊन येतो.”

“ये ना! तू नसलास तर कसं चालेल?” तिचा चेहरा उजळला. “तुझ्याच तर जिवावर आहे सगळं. देवाच्या खालोखाल माझा भरवसा तुझ्यावर.”

त्यानं दाराची चौकट घट्ट धरली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दाक्षायणीनं कान टवकारले, गालातल्या गालात हसली आणि एक गरम रोट्टी लोणी लावून त्याच्या हातात कोंबली.

“खा मुकाट्यानं. आमचं लग्न झाल्यावरही मुरिगेशचा दोर तूच धरणार आहेस ना? त्याचं वजन काही माझ्यानं कमी होईना, म्हणून तुझं वाढवतेय, अण्णा.”