उजवाच हात

"अजून दोन बोटं. चढव, चढव!" कानामागची पेन्सिल काढत अध्यक्ष म्हणाले.

त्यांची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. उजव्या हाताची बोटं मुंगीच्या चालीने भिंतीवरून वर सरकत होती. हनुवटीच्या उंचीला येऊन ती थांबली. तिने दात आवळले. बोटं आणखी थोडी सरकली.

अध्यक्षांनी तिथे रेघ ओढली. "कालच्यापेक्षा वर! म्हटलं नव्हतं मी?"

तसे ते बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. पण इमारतीच्या अध्यक्षपदी इतकी वर्षं बिनविरोध निवडून येत होते, की वर्तमानपत्र टाकणाराही त्यांना अध्यक्षच म्हणायचा. बायको एका मोठ्या रुग्णालयात मुख्य सिस्टर होती. तिच्या नुसत्या पायरवाने अख्खा वॉर्ड चादरी सारख्या करायचा. आता तिला स्वतःच्या पाठीला खाज आली तरी नवऱ्याला हाक मारावी लागत होती.

ती जिन्यात पडली होती. लिफ्ट वर्षभर बंद होती आणि त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचा दिवाही गेलेला होता. भाजीच्या पिशव्या घेऊन चढताना पाय चुकला. खांद्याच्या हाडाचा असा चुरा झाला, की डॉक्टरांनी तो जुळवण्याचा नाद सोडला आणि सरळ नवा सांधा बसवला.

"लिफ्टचा विषय माझ्या डोक्यात आहेच," भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अध्यक्ष सांगत. "पण आधी फाटकाची कमान. येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते कुठे? फाटकाकडे!"

बायको तेव्हा डोळे मिटून पडलेली असायची. औषधाची गुंगी असणार, असं अध्यक्षांना वाटे.

बाकी तिच्या सेवेत मात्र त्यांनी काही कमी केलं नाही. गळ्यातली हाताची झोळी बांधायला ते शिकले. वेणी घालायला शिकले. पहिली वेणी पाहून लेक फोनवर म्हणाली, "बाबा, याने होडी बांधून ठेवता येईल!" स्वयंपाक कधी खारट, कधी करपलेला, पण ताट वेळेवर समोर यायचं.

दुपारी शेजारणी यायच्या. तळमजल्यावरच्या शिक्षिका, पाचव्या मजल्यावरची दिवस भरत आलेली सून, गुडघ्यांनी जेरीला आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. अध्यक्ष चहाचा ट्रे घेऊन आत गेले, की बोलणं थांबायचं.

"काय चाललंय?"

"खांद्याची चौकशी करतोय, अध्यक्ष," शिक्षिका म्हणायच्या.

अध्यक्षांना बरं वाटायचं. आपल्या शब्दाखातर इमारत कशी एक झाली आहे!

एकदा व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "काकू, जेवता येईल, केस विंचरता येतील. पण खांद्याच्या वर किती जाईल ते सांगता येत नाही. या वयात बरेच जण इथवरच थांबतात."

बायकोने भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपली वार्षिक सभा कधी आहे?"

"पुढच्या महिन्याच्या शेवटी. का गं?"

"तोवर हात सरळ वर जायला हवा."

अध्यक्षांना गहिवरून आलं. "अगं, डावा वर केलास तरी मत धरतात."

"नाही. उजवाच."

ही गोष्ट त्यांनी त्याच दिवशी निम्म्या इमारतीला सांगितली. त्यांनी स्वतः दारावर कप्पी ठोकली, दोरी ओवली. डाव्या हाताने दोरी खाली ओढायची, की उजवा वर यायचा. बायको ओढायची, घामाघूम व्हायची. कधी डोळ्यांतून पाणी यायचं. "राहू दे आज," ते म्हणायचे. ती ऐकायची नाही. कप्पी घरभर कुरकुरत राहायची. भिंतीवरच्या रेघा कपाळाजवळ आल्या, डोक्यापाशी पोचल्या आणि तिथेच अडकून बसल्या.

मग एका सकाळी अध्यक्ष चहाची पत्ती शोधत होते. मागून एक हात त्यांच्या डोक्यावरून गेला आणि वरच्या फळीवरचा डबा उतरवून घेऊन आला. त्यांनी वळून पाहिलं. उजवा हात होता.

"अगं!" ते ओरडले. दोघंही लहान पोरांसारखी हसत सुटली. लेकीला फोन लावून अध्यक्षांनी डब्याची गोष्ट दोनदा सांगितली.

सभेच्या दिवशी बायकोने केस स्वतः बांधले. चार मजले ती जिन्याने उतरली, उजव्या हाताने कठडा धरून. खाली गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर नवी कमान रंगात न्हाऊन उभी होती. कधी नव्हे ती सगळ्या बिऱ्हाडांतली माणसं आली होती. माझीच पुण्याई, अध्यक्षांच्या मनात आलं. ते बायकोशेजारी पहिल्या रांगेत ऐटीत बसले.

चिटणीसांनी भराभर कामकाज उरकलं. "अध्यक्षपदासाठी नेहमीप्रमाणे आपले अध्यक्ष," कागदावरची नजर न काढता ते म्हणाले. "आणखी कुणी उभं राहणार असेल तर हात वर करा." आणि त्यांनी पान उलटलंसुद्धा.

बायकोचा हात वर गेला. सरळ, कोपरात जराही न वाकता, दंड कानाला लावून. घरातली सगळ्यात वरची रेघही इतकी उंच नव्हती. मागे शिक्षिकांनी टाळी वाजवली. मग आजींनी, मग पाचव्या मजल्यावरच्या सुनेने, मग रांगाच्या रांगांनी.

अध्यक्षांचे डोळे भरून आले. काय हा हात! फक्त वेळ तेवढी चुकली होती. ते तिच्या कानाशी वाकले.

"घाई केलीस गं. मतदान अजून व्हायचंय. खाली घे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिने हात तसाच वर ठेवला.