कपाचा कान डावीकडे

लॅपटॉपच्या पडद्यावर शहाऐंशी कप ओळीने उभे होते आणि प्रत्येक कपावर एक होडी. अर्नाळ्याच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत टेबलाभोवती बायकांची दाटी झाली होती आणि मधल्या खुर्चीत बोळिंजहून आलेली क्षितिजा. नारळी पौर्णिमेला सोसायटी घरटी एक कप वाटणार होती. छपाई अजून व्हायची होती. कप कसे दिसतील, तेवढंच आज दाखवायचं. बायकांनी हो म्हटलं तर काम तिचं, नाहीतर वसईच्या एका मोठ्या दुकानाचं. दुकानवाला सगळ्यांना एकाच चिन्हाचे कप देणार होता. क्षितिजाने घराघराला आपापली होडी कबूल केली होती, आणि हे काम तिला हवंच होतं.

एकेक चित्र हाताने करत बसली असती तर दसरा उजाडला असता. म्हणून तिने फुकटच्या सॉफ्टवेअरवर स्वतःच एक स्क्रिप्ट लिहिली होती. यादीतलं नाव उचलायचं, त्या होडीचा फोटो शोधायचा, कपाच्या गोलाईवर बसवायचा, खाली नाव टाकायचं. एंटर दाबलं की दोन मिनिटांत शहाऐंशी कप तयार.

बायकांत कमळीमावशीचा शब्द शेवटचा. तिने 'हिरादेवी'वर बोट ठेवलं. ती तिच्या घरची होडी.

"बाय, ही चालली कुठं?"

"कुठे म्हणजे, मावशी?"

"कपाचा कान इकडं, नी होडीची नाळ तिकडं. हातातून सुटून चालली. घरात परत येतेली होडी पायजे. जातेली कोन ठेवल?"

होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ, एवढं क्षितिजाला कळलं. फोटो सगळे धक्क्यावरून काढलेले, होड्या निघतानाचे. त्यामुळे शहाऐंशीच्या शहाऐंशी नाळी डावीकडे आणि कपांचे कान उजवीकडे. बायकांच्या माना एकदम हलल्या. एकीलाही आता तो कप नको होता.

"दोन मिनिटं द्या," क्षितिजा म्हणाली. तिने स्क्रिप्टमध्ये एक शब्द घातला आणि एंटर दाबलं. होड्यांनी भराभर तोंडं फिरवली.

"आता कशा घराकडं आल्या!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आल्या, पन नंबर बघा," घोळक्यातली यमुना खिदळली. तिच्या होडीच्या अंगावर रंगवलेलं नाव आणि नंबर आरशात पाहावेत तसे उलटे झाले होते. तिच्या एकटीच्याच नव्हे, सगळ्यांच्याच. "दर्यात गेल्या तं पोलीस धरतील यांना."

कचेरीत हशा पिकला. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीपतभाऊ टेबलापलीकडे चहा पीत बसले होते. त्यांना एवढंच हवं होतं. "म्हनून सांगत होतो, एकच चिन्ह टाका नी मोकळे व्हा. लावू का दुकानवाल्याला फोन?"

क्षितिजाचा चेहरा लालबुंद झाला. चूक तिचीच होती आणि शेंबड्या पोराच्याही लक्षात यावी अशी होती. पण इथून उठायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं.

"फोन नंतर लावा, भाऊ. मी अजून बसलेय." तिने घातलेला शब्द खोडला. होड्या पुन्हा बाहेर निघाल्या.

फिरवली तर नंबर उलटा. नाही फिरवली तर होडी घर सोडून चाललेली. ती पडद्याकडे बघत राहिली, मग सहज श्रीपतभाऊंकडे. त्यांच्या उजव्या हातात कप होता. तिच्या बाजूने त्या कपाचा कान डावीकडे दिसत होता.

"भाऊ, हलू नका!"

भाऊ कप ओठांना लावून तसेच थांबले.

"होडी नाही फिरवायची," क्षितिजा म्हणाली. "कप फिरवू."

स्क्रिप्टमध्ये कोऱ्या कपाचा जो फोटो होता, तो तिने बदलला. कान उजवीकडे असलेला काढला, डावीकडे असलेला लावला. एंटर. पडद्यावर होड्यांची नावं एकामागून एक सरकू लागली. सागरकन्या, जयमल्हार, गोल्डन स्टार, हिरादेवी. नावं थांबली तेव्हा शहाऐंशी होड्या, आपापले नंबर सरळ ठेवून, कपाच्या कानाकडे येत होत्या.

श्रीपतभाऊंनी हातातला कप फिरवून फिरवून पाहिला. माणूस हुशार.

"पन एक सांग मला. उजव्या हातात धरला तं चित्र जाईल पलीकडं. पिनाऱ्याला आपली होडी दिसनारच नाय."

क्षितिजाने कमळीमावशीकडे पाहिलं.

मावशीने 'हिरादेवी'वर पुन्हा बोट ठेवलं आणि या वेळी ते उचललं नाही.

"घरचा मानूस तं रोज होडीवरच असतो, त्याला काय बघायचं?" ती म्हणाली. "वाट मी बघते. माझ्या बाजूनं छाप, बाय."