काचेतली रेघ

दुसऱ्याचं बरं चाललेलं पाहून जळणं हे दुबळ्या मनाचं लक्षण आहे, असं भागोजीचं ठाम मत होतं. हे मत बाळगून तो जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या रावजीच्या लेथ मशीनखाली बसला होता आणि तिच्या गिअरबॉक्सचं बूच सैल करून कापलेल्या बाटलीत तेल काढत होता.

आज चार थेंब पडले आणि धार थांबली. बुचात गाळ अडकला असणार. बूच आवळून भागोजी उठला आणि त्याने आधी काच पाहिली.

गिअरबॉक्सला समोर रुपयाएवढी गोल काच असते. आत तेल किती आहे ते तिच्यात दिसतं. रेघ मध्यावर असली की गिअर सुखी. खाली गेली की तेल ओतायचं. रावजीच्या काचेत रेघ बरोब्बर मध्यावर होती. मागच्या शनिवारी बाटलीभर तेल काढल्यावरही तिथेच होती. त्याच्या मागच्या शनिवारीही. हा आठवडा तर रावजी रजेवर होता, मशीन बंदच.

भागोजीच्या मशीनचं तसं नव्हतं. तिचं सील गेलेलं. रोज सकाळी तो मशीनचा लांब बेड पुसायचा, त्यावर सरकणाऱ्या स्लाइडवर तेल सोडायचा आणि गिअरबॉक्स भरायचा. संध्याकाळपर्यंत ते तेल जमिनीवर यायचं. त्यावर तो लाकडाचा भुसा टाकायचा. मग पलीकडून रावजी विचारायचा, "काय रे भागोजी, तुझ्या मशिनीनं आजपण प्यालंन काय?"

हरिहरशेठच्या वर्कशॉपात मिरकरवाड्याच्या बोटींचे शाफ्ट लेथवर कातून तयार होतात. तिथला रिवाज असा, की खंडेनवमीला सगळ्यात नीट ठेवलेल्या मशीनपुढे पहिला नारळ फुटतो. तीन वर्षं तो रावजीच्या मशीनपुढे फुटत होता. भागोजीच्या परसात अकरा माड होते. पण त्यांतल्या एकाही नारळाला ती चव नव्हती.

म्हणून नारळी पौर्णिमेपासून दर शनिवारी तो रावजीचं बाटलीभर तेल काढून आपल्या मशीनमध्ये ओतत होता. याला तो चोरी म्हणत नसे. समान वाटप म्हणत असे. रावजीची रेघ खाली यावी, शेठने ती पाहावी, एवढीच इच्छा. रेघ येत नव्हती. असं नशीब असतं एकेकाचं, असं म्हणून भागोजी घरी गेला आणि त्या रात्री त्याला बांगड्याचं तिखलंही गोड लागलं नाही.

सोमवारी खंडेनवमीला शेठने वाकून सगळ्या मशीनच्या काचा पाहिल्या. पहिला नारळ चौथ्यांदा रावजीच्या मशीनपुढे फुटला.

मग शेठने सांगितलं, की रावजी आता काम सोडून राजापूरला आपल्या काजूच्या बागेत राहायला जातोय. त्याच्या मशीनवर पालीहून नवीन आलेला सुजय बसेल.

"नको शेठ," रावजी म्हणाला. "माझी मशीन भागोजीलाच द्या. माझ्यापेक्षा तोच तिच्याकडे जास्त बघतो."

भागोजीला भरून आलं. त्याने प्रसादाचं खोबरं दोनदा घेतलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो नव्या जागी उभा राहिला. बेड पुसला. स्लाइडवर तेल सोडलं. काचेकडे पाहिलं. रेघ मध्यावर. आयुष्यात पहिल्यांदाच ओतायचं काही नव्हतं. त्याने शाफ्ट चढवला आणि मशीन सुरू केली.

दहाव्या मिनिटाला आतून खरवडल्यासारखा आवाज आला. मग जळका वास. मग मशीन जाम झाली.

शेठ धावत आले. झाकण उघडलं. गिअर तापून निळे पडले होते आणि आत तेलाचा थेंब नव्हता. भागोजीने आतून काचेवर नख फिरवलं. रेघेचा पापुद्रा निघून नखात आला. वर्षानुवर्षं त्याच जागी राहिलेल्या तेलाचा तो वाळलेला डाग होता.

"एवढा जपायचा रावजी," शेठ म्हणाले. "मग तेल गेलं कुठे?"

पलीकडे भागोजीच्या जुन्या मशीनखालचा भुसा सुजय फावड्याने काढत होता. तेलाने थबथबलेल्या भुशाची त्याची तिसरी पाटी भरली होती.