हंड्यातला केरबा

केरबानं तांब्याचा हंडा डोक्यावर पालथा घातला आणि दोन्ही कानांपाशी बसवलेले स्कूटरचे दिवे लावले. समोर काच, गळ्याशी ट्यूबचं रबर, हवेसाठी मेव्हण्याच्या हातात सायकलचा पंप.

विहिरीच्या काठावर सासूची नक्कल करताना त्यानं बायकोची, हौसाची, नथ स्वतःच्या नाकात अडकवली होती. शिंक आली आणि नथ थेट विहिरीत. बारा दिवस झाले, तिनं अबोला सोडला नव्हता. बुडी मारून नथ वर आणल्याशिवाय तिचा राग उतरणार नव्हता.

पण नारळ घेऊन उभ्या आत्याबाईंनी अडवलं. “नव्या वस्तूची पूजा हाय. हौसे, नवऱ्याचं नाव घेतल्याबिगर नारळ फुटायचा न्हाई!”

हौसा गाल फुगवूनच म्हणाली,
“तांब्याच्या हंड्याला स्कूटरचं दिवं,
केरबारावांसारखं येडं मला जन्मोजन्मी हवं.”

बाया खो-खो हसल्या. हंड्यातून घुमत आलं, “काय म्हनलीस? ऐकूच येत न्हाई!”

तिनं पुन्हा म्हटलं. “आँ?” तिसऱ्यांदा काचेला नाक लावून, हसत हसत, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हटलं.

मग कुठं केरबानं विहिरीची पायरी उतरायला घेतली. ऐकू तर पहिल्याच खेपेला आलं होतं.