तांड्यावर नेलं की बंद

"पुन्हा तेच झालं बघ." मोहनसिंगकाकांनी गोधडीत बांधलेला कम्प्युटरचा डबा देविदासच्या काउंटरवर ठेवला. "तुझ्या दुकानात चालतंय अन् तांड्यावर नेलं की पडदा काळा. काहून होऊन राहिलं असं?"

ही चौथी खेप. दर वेळी ते धूड मांडीवर घेऊन म्हातारा एसटीनं औंढ्याला यायचा. डबा दिपकचा, काकांच्या एकुलत्या पोराचा. दिपक आयटीआयपासून देविदासचा जोडीदार. मागच्या पोळ्याला अपघातात गेला. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ ह्या डब्यात होता, त्यात त्याचा आवाज होता. एवढंच काय ते उरलं होतं.

"जुना बोर्ड हाय, काका. लाईट काढली की बायोस, म्हंजे डबा चालू करणारा प्रोग्राम, सेटिंगा विसरतं."

"त्या ध्यानात ठेवायला सेल असतो म्हणला व्हतास ना?"

"असतो. तो मागंच बदलला. आज बायोसच अपडेट करून बघतो."

"आधी खाऊन घे. तुझ्या काकूनं भाकर दिली."

देविदासचे आईबाप त्याच्या लहानपणीच गेले. चुलत्याच्या घरी तो पंगतीच्या शेवटी जेवत मोठा झाला. आपल्यासाठी कुणी फडक्यात भाकर बांधून देतं, ह्याचं त्याला अजून नवल वाटायचं. त्यानं ठेच्याबरोबर सावकाश खाल्ली. काका बाकड्यावर बसून हळदीचं, शेळ्यांचं सांगत राहिले. ते गेले की दुकान दिवसभर भकास वाटायचं.

मग त्यानं बायोस नवं चढवलं, तारीख बसवली, डिस्कची सेटिंग केली. पडद्यावर दिपक हसला. काकांनी धोतराचा सोगा डोळ्याला लावला.

"तुझ्या काकूला एकदा ऐकवायचं व्हतं रे. पाय गेले तिचे, इथं आणता येत न्हाई. तुझ्यासाठी बसल्या बसल्या भाकर थापली, पण सोता दोन दिसांपासून अन्नाला शिवली न्हाई."

देविदासनं भाकरीचं रिकामं फडकं घडी घालून काकांपुढं ठेवलं.

"ह्या खेपेला चालंल, काका," तो म्हणाला. "आता तुमाला यावं लागणार न्हाई."

"बराबर सांगून राहिला ना, लेकरा?"

"व्हय. गेल्यावर काकूला खाऊ घाला. तेवढा च्या सांगून या कोपऱ्यावर."

काका बाहेर पडले. देविदासनं लाईट न काढताच डबा उघडला, दर खेपेला आपल्याच हातानं बसवलेला मेलेला सेल उपटला आणि पहिल्यांदाच नवा बसवला.